कपेम्ब्वाच्या पेटीतले दोन मणी

"काटा हलला! अगं बाई, काटा हलला!"

मिंदोलो या आमच्या खाणगावातल्या वेल्फेअर हॉलच्या अंगणात दोनशे माणसं मीटरच्या काट्याकडे डोळे फाडून बघत होती. मीटरला काचेचा एक इवलासा मणी जोडलेला होता. स्वतःला प्रॉफेट, म्हणजे प्रेषित, म्हणवणाऱ्या लुबांशीनं त्याच्यापाशी तोंड नेलं, एका मेलेल्या गिटारवाल्याचं नाव कुजबुजलं आणि काटा उजवीकडे सरकला. बायकांनी जीभ फिरवून किलकारी दिली. खाणीत तीस वर्षं विजेची कामं केलेले बाप्ये टोप्या काढून रडत होते. मला सगळ्यात जास्त राग त्यांचाच आला.

आमच्याकडे गिटारचा आवाज फाडणारी, पायानं दाबायची पेटी पूर्वीपासून घरीच बनवतात. तारेचा आवाज पेटीत फुगतो, मग दोन डायोड त्याची टोकं छाटतात आणि तो खरखरत बाहेर पडतो. हे डायोड म्हणजेच ते काचेचे मणी; जुन्या पेट्यांतले जर्मेनियमचे, मोडक्या रेडिओंतून काढलेले. ते लवकर आणि मऊ छाटतात. भूतबीत काही नाही.

पण लुबांशीचं तोंड सुरू झालं की थांबतंय कुठे! "भावांनो, हे मणी नव्हेत, कबरी आहेत! वादक मेला आणि घरच्यांनी त्याचं नाव कुणाला दिलं नाही, तर त्याचा आवाज इथं कोंडतो. कोंडलेला आवाज पोरांना ताप आणतो, अँप जाळतो, बँड फोडतो! मेलेले मणी मला द्या, मी काफुए नदीत सोडीन. जिवंत मणी फुकट घ्या. मला दमडी नको!"

गेल्यानंतर मृताचं नाव घरातल्या कुणाला तरी द्यायची आमची रीत. ज्यांनी ती लांबवली होती ते घरी पळाले आणि पेट्या घेऊन आले.

"फुकट देतोय, मास्तर. मग फसवणूक कसली?" शेजारचा म्हणाला. मलाही तेच कळत नव्हतं. हा खेळ दर शनिवारी चालायचा, आणि तीन शनिवार मी अंगणातल्या आंब्याखाली बसून नुसता हसत होतो.

चौथ्या शनिवारी बाना मुसोले, म्हणजे मुसोलेची आई, पुढे आली. माझ्या मित्राची, कपेम्ब्वाची बायको. तो जाऊन सात महिने झाले होते. आता त्याच्या बँडमध्ये तीच गिटार वाजवायची, त्याच्याच पेटीवर. ती पेटी माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, माझ्या डोळ्यांसमोर बनली होती. तिनं ती पोटाशी धरली होती आणि मागून दीर सांपा ढोसत होता.

"दे की, वहिनी! मुसोलेचा ताप उतरत नाही, दिसत नाही का तुला?"

"पण हा त्यांचा आवाज आहे, सांपा."

"म्हणूनच दे!"

तिनं पेटी दिली. लुबांशीनं सोल्डरिंगच्या तापल्या कांडीनं डाग सोडवले, मणी काढून डब्यात टाकले आणि खिशातले दोन नवे बसवले. गिटार छेडली. आवाज दुप्पट मोठा! लोक नाचायला लागले.

बाना मुसोले नाचली नाही. मान कलती करून ऐकत राहिली. "हा ते नाहीत," ती म्हणाली.

"ते मुक्त झाले, मायो, माउली! तुझे कान अजून रडतायत."

"माझे कान ठीक आहेत. मोठा आहे, पण कोरडा आहे. त्यांचे मणी परत द्या."

"मूर्ख बाई! पोराला मारतेस का?" सांपा ओरडला आणि त्यानं तिचा दंड धरला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी चहावालीच्या हातातला वाफाळता मग उचलला आणि थेट टेबलाशी गेलो.

"प्रॉफेट, जरा मलाही बोलू दे तुझ्या मण्याशी." मी मीटरच्या मण्याला तोंड लावून कुजबुजलो, "कोबी." काटा हलला. "मी कोबी म्हणालो! कोबी कुठल्या बँडमध्ये होता रे?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग तोंड घट्ट मिटून मी चहाचा मग मण्याखाली धरला. काटा केवढा तरी वर गेला!

"ऊब लागली की जर्मेनियममधून उलटी वीज जास्त गळते. श्वासाची ऊब, चहाची ऊब, त्याला सारखीच. आता हे जिवंत मणी बघा." मी नव्या मण्यांपैकी एक सोडवून मीटरला जोडला. फुंकर मारली, चहाचा मगही खाली धरला. काटा ढिम्म. "सिलिकॉन! कुठल्याही मोडक्या चार्जरमध्ये मिळतं. हे कमी छाटतं, म्हणून आवाज मोठा येतो. मोठा म्हणजे चांगला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

लुबांशीनं डबा काखोटीला मारला आणि तो सटकायला लागला. पण सांपानंच तो हिसकावला, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. आत कापसावर मणी, आणि खाली परदेशी पत्ता घातलेलं टपालाचं पाकीट. असे जुने मणी शोधत जगभरचे शौकीन हिंडत असतात. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दमडी नको म्हणणाऱ्याला आमचे मणीच हवे होते.

बाना मुसोलेनं आपले दोन लगेच उचलले. कपेम्ब्वा मण्याच्या तारांवर सायकलच्या व्हॉल्व्हचं रबर चढवायचा, त्यावरून तिला ते ओळखू आले. मी डाग दिला, तिनं वाजवलं. आवाज लहान, मऊ, घशात दाटलेला. सांपा खाली मान घालून ऐकत होता. "पोराला दवाखान्यात घेऊन चल," ती त्याला म्हणाली.

मागे रांग लागली. "मास्तर, आमच्या बाबांचे कोणते?" "माझ्या भावाचे बघा ना!" डब्यात एकतीस मणी उरले होते. एकावरही खूण नव्हती. त्या बायाबापड्यांना मी काय सांगणार?

"तुम्हाला पहिल्याच शनिवारी संशय आला होता ना?" बाना मुसोलेनं विचारलं.

"हो."

"मग हा चहाचा मग तेव्हाच का नाही उचललात?"

मी थंड झालेला मग चहावालीला परत नेऊन दिला. म्हणून तुम्हाला सांगतो. कुणी चमत्कार दाखवला की झाडाखाली बसून हसू नका, आणि रडूही नका. पुढे व्हा. मण्याला कोबी म्हणून बघा, चहा धरून बघा, फुकट देणारा काय घेऊन जातोय ते बघा. आणि हे पहिल्याच दिवशी करा.