गाढवाचं पुढं काय झालं

माझी शादलिया आत्या एकतीस वर्षं ट्युनिसच्या मोठ्या स्टेशनात गाड्यांच्या घोषणा करायची. गारदिमाऊची गाडी कुठल्या फलाटावर लागणार, वाटेत कुठं कुठं थांबणार, किती उशिरानं सुटणार, हे लोकांनी तिच्याच तोंडून ऐकलं. आवाज असा, की टॅक्सीत बसून पत्ता सांगितला तर टॅक्सीवाला मागं वळून बघायचा. मग तिच्या जागी यंत्र आलं आणि ती निवृत्त झाली. लग्न तिनं केलेलं नव्हतं. चार महिने ती घरात पडदे ओढून बसली. फोन केला तर म्हणायची, "बरी आहे गं," आणि ठेवून द्यायची.

मी जेंदूबाच्या सरकारी वाचनालयात काम करते. आम्ही सातआठ जणं दर गुरुवारी डोंगराकडच्या शाळांत जातो आणि मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. पगार नाही, हजेरी नाही. ज्याला जमेल तो येतो. मी आत्याला म्हटलं, तूही ये.

"मी काय मास्तरीण आहे?"

"मास्तरीण नकोच आहे. वाचणारी पाहिजे."

"जेंदूबापर्यंत रेल्वेनं तीन तास बसायचं, एवढ्यासाठी?"

"गारदिमाऊ गारदिमाऊ म्हणत जन्म घालवलास. एकदा तरी गेलीस का तिथं?"

गेली नव्हती. पुढच्या गुरुवारी ती निळा कोट घालून, केस बांधून जेंदूबाला गाडीतून उतरली.

आमच्या वाट्याला आलेली शाळा गारदिमाऊच्याही वर, ऐन झेतूना नावाच्या वस्तीत. तीन खोल्या, एक शेगडी, आणि एका खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा. तिसरी-चौथी एकाच खोलीत बसायची. पोरं तासतासभर चालत यायची. कुणाचे बूट ओले, कुणाच्या पोटात सकाळपासून नुसती कोरडी रोटी. त्यांचे तिजानी सर आम्हाला दारातच म्हणाले, "या चौथीतल्या निम्म्यांना अजून एक ओळ सलग वाचता येत नाही. वर्षअखेरीच्या परीक्षेचा जाब मला द्यायचा आहे, तुम्हाला नाही. तुमच्या गोष्टींत माझा गणिताचा तास जातो."

माणूस वाईट नव्हता. शेगडीची लाकडं तो स्वतःच्या मोटारसायकलवर बांधून आणायचा. पण थकलेला होता.

आत्यानं पुस्तक उघडलं आणि वाचलं. काय वाचलं! एकेक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखा. मुलं हाताची घडी घालून, हूं की चूं न करता बसली होती. मला वाटलं, जिंकलं. संपल्यावर तिनं विचारलं, "आवडली का?"

"होय, बाई," सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.

पहिल्या बाकावर मबरूका नावाची एक नऊ वर्षांची मुलगी होती. शाळेचा गुलाबी एप्रन, त्याची बाही कोपरापर्यंत आखूड झालेली. ती म्हणाली, "बाई, तुम्ही कुणाशी बोलत होता?"

तिजानी सरांनी डोळे वटारले.

परतताना वाचनालयाच्या गाडीत आत्या खिडकीबाहेर बघत होती. जेंदूबा यायच्या जरा आधी म्हणाली, "पोरगी खरं बोलली. स्टेशनात माझ्यापुढं भिंत होती गं. एवढ्या वर्षांत ऐकणाऱ्याचं तोंड मी कधी पाहिलंच नाही."

आता येणार नाही, असं मी धरून चालले होते. ती आली. या वेळी तिनं गाढवाची गोष्ट आणली होती. एक गाढव रोज संध्याकाळी काम संपलं की मालकाला सोडून टेकडीवर निघून जायचं. का, ते कुणाला कळत नसे, अशी. पहिल्याच ओळीत गाढवासाठी 'हिमार' शब्द आला. आत्या थांबली, पोरांकडं बघितलं आणि विचारलं, "हिमार म्हणजे काय रे?"

कुणी बोलेना. पुस्तकातली अरबी वेगळी आणि घरात बोलायची वेगळी, हे आमच्याकडं सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय; पण पोरांना ते कुणी सांगत नाही. त्यांना वाटतं, आपणच मठ्ठ. शेवटी मागून घाझी नावाचा एक आगाऊ पोरगा घरचा शब्द पुटपुटला, "बहीम."

"शाबास. तुमच्याकडं आहे का बहीम?"

"याचा भाऊ आहे की," असं म्हणून त्यानं शेजाऱ्याच्या डोक्यात टपली मारली, आणि खोली हसली. त्या दिवशी तीनच पानं झाली. प्रत्येकाच्या घरच्या गाढवाचं नाव, खोडी, लाथ, सगळं आत्याला ऐकून घ्यावं लागलं. डिसेंबरपर्यंत गाढवाची गोष्ट काही संपली नव्हती, पण पोरं वळणावर येऊन आमच्या गाडीची वाट बघायला लागली.

जानेवारीत आत्याचा आवाज बसला. आधी थंडी म्हणून सोडून दिलं. मग डॉक्टरांना दाखवलं, तर स्वरतंतूवर गाठ निघाली. साधीच होती, काढून टाकली. पण डॉक्टरांनी बजावलं : महिनाभर एक शब्द नाही, कुजबूजसुद्धा नाही. नंतर आवाज किती परत येईल, ते सांगता येत नाही.

मी तिला माझ्याकडं आणलं. ज्या बाईचं सगळं आयुष्य घशात होतं, तिच्याशी काय बोलावं मला सुचेना. तिनं शाळकरी पाटी विकत आणली होती. दुसऱ्याच आठवड्यात ती पाटी माझ्यापुढं धरली : 'उद्या गुरुवार.'

"आत्या, तू तिथं जाऊन करणार काय?"

तिनं 'गुरुवार'खाली एक रेघ ओढली.

मुलांना मीच सांगितलं, बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालंय, त्यांना बोलायचं नाही. मी वाचीन म्हणून पुस्तक घ्यायला हात पुढं केला, तर आत्यानं तो बाजूला सारला. ती मुलांच्या बाकावर त्यांच्यात जाऊन बसली, गाढवाचं पुस्तक त्यांच्याकडं वळवलं, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि वाट बघत राहिली.

शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज आला. मग मबरूकानं चित्र बघून भराभर गोष्ट सांगायला सुरुवात केली, घरच्या बोलीत, निम्मी मनची. आत्यानं मान हलवली आणि बोट पुन्हा त्याच शब्दाखाली ठेवलं.

"हि…" मबरूका म्हणाली. "हि… मा…"

मागून तिजानी सरांच्या तोंडून सवयीनं "हिमार" निसटणार, तोच आत्यानं त्यांच्याकडं न बघता तळहात वर केला. पुढची चाळीस मिनिटं सर तसेच भिंतीला टेकून उभे होते. दोन पानं झाली. एकेका शब्दाला कधी घाझी, कधी कोपऱ्यातली एक पोर, असं सगळ्यांनी मिळून ढकलत ढकलत. निघताना सर मला हळूच म्हणाले, "मी एवढं कधी थांबत नाही. थांबायला वेळच नसतो." मग थोडं अवघडून म्हणाले, "त्या पुढच्या गुरुवारी येतील ना?"

असे तीन गुरुवार गेले. तिसऱ्या वेळी मबरूकानं विचारलं, "बाई, पुस्तक घरी नेऊ?"

पुस्तकं घरी द्यायची नाहीत, हा नियम माझा. होती मोजकीच, आणि हरवली तर नवी मिळायला वर्ष जायचं. मी नाही म्हणायच्या आत आत्यानं ते तिच्या दप्तरात घातलं आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी नियम गिळून टाकला.

पुढच्या गुरुवारी आम्ही पोचलो तर दारात एक बाई उभी होती. डोक्याला रुमाल, पाठीला तान्हं, पायात चिखलानं भरलेले रबरी बूट. मबरूकाची आई वसीला. पहाटे ट्रकमध्ये बसून बटाट्याच्या शेतांवर मजुरीला जाणाऱ्यांतली. पावसामुळं ट्रक आला नव्हता, म्हणून ती सव्वा तास चालत आली होती.

तिजानी सरांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आया इथं दोनच कामांना येतात. मारलं म्हणून भांडायला, नाहीतर पोरीचं नाव शाळेतून काढायला. मबरूकाचं नाव काढणार असं गावात चाललंच होतं. घरी तान्हं सांभाळायला कुणी नाही."

वसीला आत आली, पोरांवरून नजर फिरवून म्हणाली, "ते पुस्तक देणारी बाई कोण?"

आत्या उभी राहिली.

"त्या गाढवाचं पुढं काय झालं, ते सांगा मला," वसीला म्हणाली. "ही अकराव्या पानावर अडली. पुढं तिला येत नाही, आम्हाला कुणाला येत नाही. आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. हिचा बाप म्हणतो, गवताला जातंय. मी म्हटलं, अहो, गवताला जाणारं जनावर मान खाली घालून जातं. चित्रात हे मान वर करून चाललंय. हे कशाला तरी शोधतंय."

तिजानी सरांनी खुर्ची पुढं केली, पण ती बसली नाही.

"बसा तर खरं, मी सांगते…" मी सुरुवात केली, तर आत्यानं माझं मनगट दाबलं. तिनं मबरूकाला जवळ बोलावलं, अकरावं पान काढलं आणि शब्दाखाली बोट ठेवलं.

आईपुढं वाचायचं म्हटल्यावर पोरीचे कान लाल झाले. पहिली ओळ रडत-खडत गेली. दुसरी ओळ गेली. गाढव टेकडीच्या माथ्यावर पोचलं, पलीकडच्या गावाकडं तोंड करून उभं राहिलं. तिथं एक शब्द आला आणि ती अडली.

"ज," ती म्हणाली. "ज… ह…"

घाझीनं तोंड उघडलं, पण शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं. सगळी खोली नुसती बघत होती.

"जह… श," मबरूका म्हणाली. मग सावकाश, आपल्यालाच सांगितल्यासारखं, "जहश."

म्हणजे शिंगरू. हा शब्द पुस्तकात आणि घरात एकच आहे. तिनं उरलेली ओळ संपवली आणि मान वर करून आईकडं बघितलं. "आई, तिचं शिंगरू. तिचं शिंगरू पलीकडच्या गावात विकलंय. ती त्याला बघायला जाते."

"गाढवीण होती?"

"हो."

वसीलानं पाठीवरचं पोर सारखं केलं. मग म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, गवताला नाही म्हणून?" आणि जरा थांबून, "विकलं कुणी?"

"मालकानंच."

"मेल्याचं वाटोळं होवो."

पोरं खो खो हसली, तिजानी सरही हसले. वसीला मात्र हसली नाही. ती आत्याजवळ आली, पाटीकडं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही मुक्या आहात का?"

"नाही, नाही," सगळी पोरं एकदम सांगायला लागली, "ऑपरेशन झालंय, बाईंना बोलायची बंदी आहे."

"बरं आहे," वसीला म्हणाली. "बोलणाऱ्या बाया आमच्याकडं पुष्कळ आहेत." मग सरांकडं वळली. "उरलेली पानं ही घरी वाचेल. हिच्या बापाला ऐकवायचंय, तो माझं खरं मानायचा नाही. आणि नाव काढायचं म्हणत होते, ते राहू द्या सध्या. या तान्ह्याला मी माझ्या जावेकडं टाकते. ती कुरकुर करेल, करू दे."

ती निघून गेल्यावर तिजानी सरांनी फळा पुसायला घेतला. कोरा होता, तरी पुसत राहिले.

आत्याचा आवाज आला, पण पूर्वीचा नाही. फुटलेला, खालच्या पट्टीतला. पहिल्यांदा तिनं एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला, तेव्हा त्यानं विचारलं, "कोण बोलतंय?" तिनं फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवली नाही. मी समजूत घालायला गेले नाही. घालण्यासारखं काही नव्हतं. गुरुवारी शाळेत ती घाबरत घाबरत दोन ओळी वाचून थांबली. घाझी म्हणाला, "बाई, आता तुम्ही आमच्या आजीसारख्या बोलता." हे तिनं मला नंतर चार वेळा सांगितलं, दरवेळी जणू पहिल्यांदाच.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आत्या आता बुधवारीच येते, माझ्याकडं मुक्काम करते. एक पान ती वाचते, एक पान मुलं. त्यांच्या पानाला जितका वेळ लागेल तितका लागतो. मबरूका सहावीत आहे. गणितात कच्ची आहे, वाचनात वर्गात पहिली नाही, पण दुसरी-तिसरी असते. तिजानी सर सोमवारी स्वतःच गोष्ट वाचतात, असं पोरं सांगतात. विचारलं तर म्हणतात, "गणिताचा तास लवकर संपला होता."

माझा नियम केव्हाच मोडला. दर आठवड्याला नऊ पुस्तकं घरोघर जातात. एक पावसात भिजलं, एकाचं पुठ्ठ्याचं कव्हर शेळीनं खाल्लं. मागच्या गुरुवारी आठच परत आली. नववं शोधायला मी आणि आत्या चढण चढून त्या मुलाच्या घरी गेलो. तिथं कळलं, शेजारणीनं नेलंय. शेजारणीकडं गेलो, तर ती म्हणाली, माझ्या बहिणीच्या पोरांना हवं होतं, ओढ्यापलीकडं. दारात उभं राहून तिनं आम्हाला बहिणीचं घर दाखवलं, अंगणात दोरीवर कपडे वाळत होते ते. आत्यानं तिकडं हात कपाळावर धरून जरा वेळ बघितलं.

मग आम्ही तिच्याकडं पाणी प्यालो, पुस्तक ओढ्यापलीकडंच राहू दिलं आणि खाली आलो.