वंशावळीतली ओळ

त्या मेडिकल कॉलेजातल्या पोरांचा देव एकच, वंशावळ. वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला देत आणलेली, पंधरा वर्षांच्या प्रश्नांची आणि तयार उत्तरांची जाडजूड फाइल. मूळ पुस्तक उघडणाऱ्याला तिथे सरळ वेड्यात काढत.

उन्चेही तीच पाठ करायची. पण ग्रंथपाल बाईंनी एकदा फर्मान काढलं, वंशावळीतली एक ओळ घ्या आणि ती मुळात कुठून आली ते शोधून आणा. उन्चेने सांधेदुखीच्या पिवळ्या गोळीची ओळ घेतली. वंशावळीत होतं, ‘रोज एक.’ पुस्तकात होतं, ‘आठवड्यातून एकदाच. रोज घेतल्यास आधी तोंड येतं, मग रक्त तयार होणंच थांबतं.’

ती तडक दोग्योमकडे गेली. तो एक वर्ष पुढे, त्या साली फाइल सांभाळणारा.

“सनबे,” तिने वरच्या वर्गातल्यांना मारतात तशी हाक मारली, “ही ओळ बदलायला हवी.”

“आली मोठी प्रोफेसरीण! अगं, याच उत्तराला दरवर्षी मार्क पडतात. बदललीस तर अख्खा वर्ग तुझ्या नावाने खडे फोडेल.”

“पण पेशंटला...”

“पेशंट आला की बघू पुस्तक. आधी पास तर होऊ दे!”

उन्चे परत फिरली. पुढच्या वर्षी फाइल तिच्याच हाती आली, तरी ओळ तशीच ठेवून तिने ती खालच्या वर्गाला दिली. शुद्ध भित्रेपणा, दुसरं काही नाही.

दोन वर्षांनी एका दुपारी ती कॅन्टीनमध्ये जेवत असताना बेटावरून आईचा फोन आला. समुद्रशेवाळ वाळवून पोट भरणारी बाई, दुखलं-खुपलं कधी सांगायची नाही.

“बोटं सुजली होती गं, म्हणून सरकारी दवाखान्यात गेले. नवा डॉक्टर आलाय, सक्तीच्या सैन्यसेवेऐवजी तीन वर्षं इथे काढणार. दोग्योम. तुझं नाव सांगितलं तर केवढा हसला! त्यानेच पिवळ्या गोळ्या मोजून दिल्या.”

“आई, बोलताना अशी अडखळतेस का?”

“तोंड आलंय नुसतं. पेजही गिळवत नाही.”

उन्चे ताट सारून उठली. “गोळी किती दिवसांनी घेतेस?”

“रोज. आज बारावा दिवस.”

“थांबव! आत्ताच्या आत्ता बोट पकड आणि मोठ्या हॉस्पिटलात ये.”

“कसली बोट? परवापासून वारं सुटलंय, सगळं बंद. आणि एवढी घाबरतेस काय? तुझ्या कॉलेजचा डॉक्टर म्हणून तर मी एक दिवस चुकवला नाही.”