कोट तुमचाच कशावरून?

लाँड्रीत वर्गणीचा डबा माझ्याकडे आला, कारण माझा कोणावरच विश्वास नाही. "फौजदारबाईंकडे द्या, मुंगीसुद्धा आत शिरायची नाही," मशीनवाला म्हणाला आणि सगळे हसले. मला राग आला नाही. काउंटर सांभाळणाऱ्या आणि इस्त्री करणाऱ्या माणसाने संशयी असावंच. पावतीशिवाय मी सख्ख्या बहिणीलाही कपडा देणार नाही.

वर्गणी टाकेवालीसाठी होती. ती मागच्या खोलीत बसून उसवलेलं शिवते, कपडे लहान-मोठे करते. ती आणि तिचा नवरा परदेशातून आलेले. मुलगी तेव्हा कडेवर होती, इथेच चालायला शिकली, आता शाळेत जाते. या तिघांना देश सोडायचा हुकूम आला होता. त्यांनी अपील केलं होतं आणि सोमवारी सुनावणी होती. वकीलबाईंची फी त्यांच्या आवाक्याबाहेरची, म्हणून हा डबा. शुक्रवारी मी तो टाकेवालीच्या ओंजळीत रिकामा केला आणि म्हटलं, "वकिलाची पावती आणून दाखवायची."

"सोमवारी देते म्हणाल्यात त्या, ताई," ती खाली बघत म्हणाली.

खाली बघून बोलणाऱ्या माणसाचं मला कधीच पटलेलं नाही.

शनिवारी बाजारातून येताना तिघं दिसले. आधी ओळखलंच नाही. नवऱ्याच्या अंगात राखाडी सूट, टाकेवालीच्या अंगात गर्द हिरवा लोकरी कोट. सगळं कसं कडक, नवंकोरं! दुकानाच्या काचेसमोर उभे राहून स्वतःला न्याहाळत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीनवाल्याने ओव्हरटाइमचे पैसे डब्यात टाकले, मी चष्मा बदलायचं पुढे ढकललं, आणि ही मंडळी नटूनथटून मिरवतायत! मी त्यांच्या मागोमाग गेले, जिना चढून थेट खोलीपर्यंत.

दार उघडताच विचारलं, "फी दिली की कपडे घेतले?"

नवऱ्याने खुर्ची पुढे केली, मी बसले नाही. पुरावा हवा म्हणून कोटाची बाही धरली आणि उजेडात ओढली. बाहीवर घडीची रेघ नव्हती. बाहीत टॉवेलची गुंडाळी घालून इस्त्री करायची ही माझी पद्धत; आमच्याकडे दुसरं कोणी एवढा व्याप करत नाही. कोटाची कड उलटून बघितली तर अस्तराला आमच्याच लाँड्रीचा नंबर टाचलेला. ज्या नवेपणावर मी इतकी जळत होते, ती माझीच इस्त्री होती.

लाँड्रीतल्या मागच्या दांडीवरचे कपडे होते ते, गिऱ्हाइकं न्यायला विसरलेले.

"फी दिलीय, ताई. पोरीची शपथ," टाकेवाली म्हणाली. "वकीलबाई म्हणाल्या, नीटनेटके या. आमच्याकडे नीटनेटकं काय आहे? मालकांना विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. सोमवारी सकाळी घालायचे, दुपारी परत दांडीवर. बघा ना, कात्री कुठे लावली नाही. कच्चे टाके घालून उंची कमी केलीय फक्त."

"मग रस्त्यावर कशाला मिरवत होतात?"

"सवय करत होतो," नवरा म्हणाला. "सूट घातला की मी अवघडून चालतो."

"याला चोरी म्हणतात. कोणी तक्रार केली तर अपील राहील बाजूला, थेट विमानात बसवतील."

"माहीत आहे," तो म्हणाला.

मुलगी केसांतली गुलाबी क्लिप काढ-घाल करत माझ्याकडे टक लावून बघत होती. मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. जिना उतरतानाही मनात तेच, फी खरंच दिली असेल ना? माझा स्वभाव मेला जाता जात नाही.

सोमवारी दुकान उघडतंय तोच एक बाई आल्या. हातात चुरगळलेली जुनी पावती. "हिरवा लोकरी कोट आहे माझा. विसरूनच गेले होते बघा. संध्याकाळी गावाला निघायचंय, म्हटलं आधी कोट घ्यावा."

तो कोट त्या वेळी न्यायाधीशासमोर उभा असणार. मालक मागे बॉयलरशी झटत होते, पण त्यांचे कान इकडेच. मी पावती उजेडात धरली, उलटसुलट केली.

"कोट तुमचाच कशावरून?"

"म्हणजे? पावती आहे की!"

"पावती रस्त्यातही सापडते. अस्तर कोणत्या रंगाचं?"

"काळं... नाही, तपकिरी असेल."

"असेल? आणि बटणं किती?"

"तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"हो," मी म्हटलं. त्या क्षणी अख्ख्या जगात त्या एकाच बाईवर माझा काडीचाही संशय नव्हता.

मालक हात पुसत बाहेर आले. "मनावर घेऊ नका, बाई तशाच आहेत आमच्या. मी सुटे पैसे घेतले तरी सही मागतात. तुम्ही ओळखपत्र घेऊन दुपारी या ना."

त्या दार आपटून गेल्या. मशीनवाला खो खो हसत होता. मी इस्त्रीकडे वळले आणि बोटाला चटका लावून घेतला.

दुपारी टाकेवाली मागच्या दाराने आली, कोट उराशी धरून. ती तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "उसव आधी." ती टाके काढत गेली, मी वाफ मारून दुमडीची खूण मोडत गेले. नजर वर करायचा मला धीर होत नव्हता.

"काय झालं तिथे?"

"राहू देतायत," ती म्हणाली आणि दोऱ्याच्या तुकड्यांत बसून रडायला लागली. मग पदराआड ठेवावं तसं जपून ठेवलेलं काहीतरी माझ्यापुढे धरलं. "पावती, ताई."

मी ती न वाचताच खिशात कोंबली. समोरची घंटी वाजत होती.

बाई ओळखपत्र नाचवतच आल्या. कोट अंगात घालून म्हणाल्या, "गरम कसा हा?"

"आत्ताच इस्त्री केलीय, खास तुमच्यासाठी."

खिसे तपासल्याशिवाय मी आजवर एकही कपडा हातावेगळा केलेला नाही. त्या गडबडीत नेमकं तेच राहिलं. बाईंनी खिशात हात घातला आणि गुलाबी क्लिप बाहेर काढली. त्यांनी क्लिपकडे बघितलं, मालकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आता संशय घ्यायची पाळी त्यांची होती.

"हे कोणाचं?"

मी हात पुढे केला. "द्या इकडे. एका मुलीचं आहे. इथेच राहते ती."