पट्टीखालची फट

आमचे हे, म्हणजे सडक खात्यातले ओव्हरसियर एकनाथराव, माणूस म्हणून बरे आहेत. पण सपाटपणाचं वेड लागलेल्या माणसाशी संसार करणं काय असतं, ते मला विचारा. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, हैदराबादेत आमच्या बरकतपुऱ्यात घरोघरी पेढे वाटले गेले आणि ह्यांनी घरी सागवानाची दहा फुटी पट्टी आणली.

नव्या सरकारचा नवा नियम होता. पट्टी सडकेवर टेकवायची आणि खाली उजेड दिसला की त्या फटीत लाकडी पाचर सरकवून बघायची. फट पाव इंचाहून जास्त निघाली की तेवढी सडक नापास. त्याआधीचे एक साहेब मोटारीत मागे रेलून जात, आणि त्यांची झोप मोडली नाही तर सडक पास होई. मला विचाराल तर ती पद्धत काही वाईट नव्हती. हे मात्र पट्टी घरच्या फरशीवर ठेवून बघत, अंगणात ठेवून बघत. एकदा तर सासूबाई झोपलेल्या असताना ह्यांनी ती त्यांच्या बाजेवर टेकवली. माझ्या पोळ्या वाचल्या त्या पट्टी लांब होती म्हणून.

बरकतपुऱ्याहून तारनाक्याकडे जाणारी सडक ह्यांनी नुकतीच नव्याने केली होती. खात्यात निजामाच्या काळातल्या जुन्या नोकरांची छाननी चालली होती. सडक पास झाली तर हे हैदराबादेत राहणार होते, नापास झाली तर बदलीवर आडवळणाच्या आसिफाबादला जाणार होते. तिथे मुलींना चौथीच्या पुढे शाळा नाही असं ऐकलं होतं, आणि आमची रजनी सातवीत पहिली आली होती. त्यामुळे सडक सपाट आहे की खडबडीत, याच्याशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं. ती पास व्हायला हवी होती, बस.

तपासणीला येणारे साहेब पुण्याचे निघाले, सहस्रबुद्धे नावाचे. मराठी साहेब म्हटल्यावर जावई येणार असल्यासारखे कोपऱ्यावरचे भुसार दुकानदार अंबाजी कामाला लागले. अंबाजींचं एक आहे, कोणीही साहेब येवो, ते कमान उभारणार. निजामाच्या तालुकदारासाठी त्यांनी कमान उभारली होती आणि मिलिटरी आली तेव्हा तिच्यासाठीही उभारली होती. कापड तेच असायचं, वरचं नाव तेवढं बदलायचं.

तपासणीच्या सकाळी दोन मजुरांच्या खांद्यावर पट्टी देऊन हे निघाले. साहेबांना ओवाळायचं ताट घेऊन मी मागोमाग होते. कोपऱ्यावर पोचलो आणि हे जागीच थबकले. नव्याकोऱ्या डांबरावर कमान झोकात उभी होती. मोठी कमान हवी म्हणून तिला कडेचे दोन खांब पुरेसे नव्हते, तिसरा सडकेच्या मधोमध पहारीने खड्डा पाडून रोवला होता.

"अंबाजी, सडक फोडलीत तुम्ही," हे म्हणाले.

"हौ, थोडी फोडली. खांब काय हवेत उभा राहते, एकनाथराव? तुमच्याच सडकेसाठी केलं की हे सगळं. फिकर नक्को करा, साहेब खूश होते बघा."

ह्यांनी मधला खांब दोन्ही हातांनी धरून हलवायला सुरुवात केली. कमानीवर तिरंगा होता. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बघा, निजामाचं मीठ खाल्लेला माणूस. झेंडा पाडायला निघाला." ह्यांचे हात थांबले. छाननीच्या दिवसांत असं एक वाक्य वर पोचलं असतं, तर आसिफाबादसुद्धा मिळालं नसतं.

माझं डोकं फिरलं. ताट दुकानाच्या ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "अंबाजी, शिडी लावा, वर चढा आणि झेंडा हातात घेऊन उभे राहा. मान द्यायचाय ना? मग स्वतः द्या, बांबूवर कशाला सोपवता?" अंबाजी गांगरले, पण चढले. झेंडा घेऊन ते खाली उतरले आणि कडेला असे ताठ उभे राहिले की साहेबांनी आल्याआल्या पहिला नमस्कार त्यांनाच केला.

कमान निघाली, खड्डा राहिला. त्यात विटा आणि माती कोंबली, वर शेणाचा सडा टाकला, आणि त्यावर मी रांगोळीचं भलंमोठं कमळ काढलं. हे तोपर्यंत साहेबांना आणायला पुढे गेले होते.

साहेब आले. पट्टी टेकत टेकत तपासणी पुढे सरकत होती. पाचर कुठेच शिरत नव्हती आणि साहेब मान डोलावत होते. कमळापाशी येताच त्यांनी जोडे मागे घेतले.

"इतकी सुंदर रांगोळी मोडायला नको. पुढे चला, ओव्हरसियर."

मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले. रजनीची शाळा वाचली होती.

"साहेब," हे म्हणाले, "रांगोळीखाली खड्डा आहे."

कोणी विचारलं होतं का ह्यांना? ह्यांनी गुडघ्यावर बसून कमळावर स्वतःच पट्टी ठेवली. पाचर पार आत गेली.

साहेब खाली वाकून हळूच म्हणाले, "अहो, मी पाहिलं नव्हतं."

"मी पाहिलं होतं."

"नापास लिहिलं तर तुम्हाला इथे ठेवणं माझ्या हातात राहणार नाही."

"लिहा," हे म्हणाले.

साहेबांनी लिहिलं. अंबाजी झेंडा धरून रडत होते आणि सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. मी ताट उचललं आणि साहेबांना ओलांडून सरळ ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. भांडायलाच गेले होते बहुतेक. ह्यांच्या धोतराला गुडघ्यापाशी माझ्या रांगोळीचा रंग लागला होता. मला हुंदका आला. त्या माणसाचा मला भयंकर अभिमान वाटत होता आणि त्या अभिमानाचाही राग येत होता. मी ह्यांना कुंकू लावलं आणि सगळ्यांदेखत ओवाळलं.

"अगं, साहेबांना ओवाळायचंय," हे पुटपुटले.

"गप्प उभे राहा," मी म्हणाले. "रजनीला काय सांगायचं ते घरी गेल्यावर बघू."

आसिफाबादला आम्ही आणि सासूबाई गेलो. रजनी शाळेसाठी हैदराबादेतच, नल्लकुंट्याला माझ्या बहिणीकडे राहिली. पहिलं वर्षभर मी ह्यांच्याशी धड बोलले नाही.