एकशे चाळीस नंबरचं ऑइल

सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, आणि पाठीमागे कानवाले मिस्त्री. गाडी फाटकातून आत येते न येते तोच तिचं दुखणं सांगायचं, ही त्यांची ख्याती. गॅरेज चाळीस वर्षं चाललं ते याच ख्यातीवर. रंग उडालेली पाटी आणि तीन पायांचं बाकडं बघून तर कुणी आत पाऊल टाकलं नसतं. मुलाने ऑफिसातली खुर्ची पसंत केली, पण सुनेने पाना उचलला. चार वर्षांत ती अख्खं इंजिन खोलायला शिकली, तेव्हा शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "मिस्त्री, कानामागून आली नि तिखट झाली हो!" मिस्त्री मनापासून हसले. हात तिचे असले तरी दुखण्याचं निदान आपलंच, असं ते धरून चालले होते.

त्या दिवशी चारही चाकांना जोर असलेला एक उंच ट्रक आला. त्याचा ड्रायव्हर आठवड्यातून दोनदा डोंगरावरच्या मोबाइल टॉवरला डिझेल पोचवी. रस्ता म्हणजे नुसते धोंडे आणि एका बाजूला दरी.

"मागून घुरघुर येते, डोकं उठतं," ड्रायव्हर म्हणाला. "परवा वर जायचंय. तेवढी बंद करून द्या."

मिस्त्रींनी एक फेरी मारली आणि उतरता उतरताच निकाल दिला. "मागच्या चाकांना जोर देणाऱ्या डिफरन्शियलच्या गिअरांचे दात झिजलेत. आत नव्वद नंबरचं ऑइल आहे, ते पातळ पडतंय. एकशे चाळीस घालू. घट्ट ऑइल दातांमध्ये गादीसारखं बसतं."

"बाबा, आधी उघडून बघूया का?" सून म्हणाली. "बेअरिंग गेलं असेल तर ऑइल काय करणार?"

"दातांचा आवाज कुठला आणि बेअरिंगचा कुठला, ते मला कळतं."

सासरा आणि उस्ताद एकाच माणसात असले की बोलायची सोयच राहत नाही. सुनेने जुनं ऑइल काढलं, त्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास गॅरेजभर पसरला, आणि मग काकवीसारखं दाट नवं ऑइल भरलं.

तिघं फेरीला निघाले. मिस्त्री चालवत होते, ड्रायव्हर मध्ये, सून खिडकीशी. मिस्त्रींनी वेग वाढवला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"काय, गेली की नाही?"

ड्रायव्हरने मान तिरकी करून ऐकलं.

"घुरघुर गेली," ड्रायव्हर चाचरत म्हणाला. "पण ही शीळ?"

"कसली शीळ?"

"ही काय, चालूच आहे! मघाशी घुरघुरीखाली दबली होती. आता तर कानात सुई टोचतेय."

मिस्त्रींनी काच खाली केली. वेग कमी केला, पुन्हा वाढवला. वारा होता, टायरचा आवाज होता, बाकी काही नव्हतं. ड्रायव्हर थट्टा करतोय की काय, असं त्यांना वाटलं. मग त्यांची नजर सुनेकडे गेली. तिने एक खांदा कानापर्यंत उचलून धरला होता. ते बघताहेत हे कळताच तिने तो खाली सोडला.

त्यांनी ट्रक कडेला घेतला.

"तुला ऐकू येते?"

"हो."

"कधीपासून?"

"ट्रक फाटकात आला तेव्हापासून." ती जरा थांबली. "आधीच्या दोन गाड्यांनाही होती बाबा. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी बेअरिंगं बदलली."

मिस्त्रींना आधी राग आला आणि त्याच्या पाठोपाठ लाज. चाळीस वर्षांचं नाव, आणि ते सून गुपचूप सावरत होती. 'शीळ नव्या ऑइलची आहे, दोन दिवसांत बसेल,' हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं. ड्रायव्हरने ते डोळे मिटून खरं मानलं असतं आणि परवा डिझेलची पिंपं घेऊन तो वर गेला असता. मिस्त्रींनी ते वाक्य गिळलं, पण गिळायला त्यांना वेळ लागला.

परत येऊन त्यांनी स्वतः ट्रकखाली शिरून ऑइल काढायचा बोल्ट सोडला. बोल्टाच्या टोकाला लोखंडाचा कीस धरणारं चुंबक असतं, त्याला ताजा चंदेरी चुरा चिकटला होता, ऑइल बदलल्यानंतरच्या तासाभरात जमलेला. हातच्या काकणाला आरसा कशाला! ते बाहेर आले, आणि पंक्चरवाला ऐकतोय हे माहीत असूनही ड्रायव्हरला म्हणाले, "बेअरिंग गेलंय. चूक माझी झाली. ती शीळ मला ऐकूच येत नाही. हिला येते."

पंक्चरवाल्याने खाली वाकून पुन्हा ट्यूब घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सुनेने बेअरिंग बदललं. "ऑइल कुठलं घालू?" तिने विचारलं.

"गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते. नव्वद."

पुन्हा फेरी झाली. थोडी घुरघुर होती, जुन्या दातांची. ती मिस्त्रींना ऐकू आली आणि बरं वाटलं. पुढचं त्यांना विचारावं लागलं.

"शीळ?"

सुनेने डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. "गेली बाबा."

गॅरेजपाशी ड्रायव्हर स्टिअरिंगमागे बसला आणि खिडकीतून वाकला. मिस्त्री सवयीने पुढे झाले. पण तो त्यांच्या खांद्यावरून सुनेकडे बघत होता.

"ताई, नेऊ ना वर?"

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" मिस्त्री बाजूला सरकत म्हणाले. "त्याने तुला विचारलंय."