साकूचं माहेर

गणेशचवथीला दोन दिवस उरले होते आणि विनोदिनीबाई नातीच्या स्कूटरवर मागे बसून हळर्णला निघाल्या होत्या. सदुसष्ट वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, डिचोलीहून एवढी लांबची वाट, आणि ही तिसरी खेप. कशासाठी? तर दीडशे वर्षांपूर्वी लग्न होऊन साखळीला आलेल्या खापरपणजीचं माहेर शोधायला. घरात सगळ्यांनी हात टेकले होते. नात सिद्धी तेवढी मजा वाटून तयार झाली.

खरा दोष बाबुरावांचा. हे बाईंचे थोरले चुलतभाऊ. साखळीच्या मूळ घरी त्यांनी चौकाच्या भिंतीवर वंशावळ रंगवायला काढली. सगळ्यात वर सात भावांतला धाकटा बाबाजी, खाली त्याची मुलं, नातवंडं, पणतवंडं, आणि बाई म्हणून औषधालासुद्धा कोणी नाही. जणू पुरुष आपले अळंब्यांसारखे उगवले. विनोदिनीबाई अशा भडकल्या, की बाबुराव गडबडून बोलून गेले, "बाबाजीच्या बायकोचं माहेर पुराव्यानिशी आण. मग तुम्हा सगळ्या बायकांची नावं घालतो. पण चवथीच्या आत. पेंटर नंतर मिळायचा नाही."

माहिती होती ती एवढीच, की बाबाजीची बायको भागीरथी हळर्णची. दोन खेपांत जवळजवळ सगळा गाव पालथा घालून झाला. भागीरथीचं नावसुद्धा कोणी ऐकलं नव्हतं.

आज शेवटचं घर. गणपतीच्या जागेवर टांगलेल्या माटवीला आंब्याचे टहाळे लागले होते, आत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायचा घमघमाट होता आणि पाच-सहा बायका पिठात हात घालून बसल्या होत्या. घरच्या मोठ्या बाई सुलोचना. त्यांनी पाहुणीला खुर्चीवर बसवलं, गरम नेवरी हातावर ठेवली, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"भागीरथी आमच्या घरात जल्माकच येवक नाय गो."

विनोदिनीबाईंना नेवरी गोड लागेना. आता साखळीला जाऊन बाबुरावांचं हसू बघायचं, आणि भिंतीवर पुन्हा ते अळंबीचं रान. त्यांना रडूच यायला लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर. बाबुराव सगळ्या घरभर गरजले, "आनंदी गो, खंय पावलंस? सुदेश पेंटर ब्रश धुवक लागलो हां."

सुलोचनाबाईंचा झारा हवेत थांबला. "ही आनंदी कोण? तू तर विनोदिनी मां?"

"अहो, आनंदी माहेरचं. लग्नात तांदळावर नाव लिहून बदललं, तेव्हापासून विनो..."

बाई बोलता बोलता थांबल्या. कपाळावर हात मारला आणि हसतच सुटल्या. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि एवढं सुचू नये? भागीरथी हे साखळीचं नाव. हळर्णला ते कोणाला कसं ठाऊक असणार?

"बरं, नाव सोडा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुमच्या घरची कोण मुलगी साखळीला दिलेली?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सुलोचनाबाई पीठ झटकून उठल्या, सुनेचे हात धरले आणि भर दुपारी फुगडीला उभ्या राहिल्या.

"साकू आमची दिली गो साखळी गावाक,
सात भावांच्या धाकट्याक, तळ्यावरच्या बाबाजीक!"

"दर चवथीक घालतो ही फुगडी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "सासूकडसून शिकलंय. साकू कोण, तां कोणाक म्हायत?"

तळं तर मूळ घराच्या मागे अजून आहे. "अहो, बाबाजी म्हणजे आमचे खापरपणजोबा!" विनोदिनीबाई म्हणाल्या. सुलोचनाबाईंनी त्यांचा चेहरा दोन्ही पिठाळ हातांत धरला.

"दीडशे वर्सांनी आमची साकू माहेराक इली गो."

मग काय विचारता. गुडघ्याचा पट्टा कोपऱ्यात गेला. विनोदिनीबाई फुगडीत अशा गरगरल्या, की पदर कुठे नि चष्मा कुठे. सिद्धी पोट धरून जमिनीवर बसली. फोन मात्र चालूच होता, आणि बाबुरावांनी सगळं ऐकलं होतं.

"मिळाला पुरावा?" बाई धापा टाकत ओरडल्या.

 पलीकडून बाबुरावांचा आवाज आला. "सुदेशा, शिडी लाव परत." आणि थोड्या वेळाने, "तिचं नाव कुठलं घालू? आणि तुझं?"

"दोन्ही. तिची दोन्ही, माझी दोन्ही, आईची, काकीची, सगळ्यांची दोन-दोन."

"अगो, भिंत पुरायची नाही."

"मग बाहेरच्या भिंतीवर घे," विनोदिनीबाई म्हणाल्या आणि पुन्हा सुलोचनाबाईंचे हात धरले. "रस्त्यावरून दिसू दे."