सातवा खांब

म्हाताऱ्याने कलादालनाच्या दाराशी पायपुसण्यावर बूट तीनदा घासले आणि तो घोळक्याच्या सगळ्यांत मागे जाऊन उभा राहिला.

"या काका, पुढे या. तिथे ऐकू येणार नाही," सून म्हणाली.

घरी ती त्याला बाबा म्हणायची. आज काका. हे काल रात्री जेवताना ठरलं होतं, तरी तो दचकलाच. चार वर्षं ती याच दालनाच्या खिडकीत तिकिटं फाडत होती. आज मार्गदर्शकाच्या जागेसाठी तिची परीक्षा होती: निदान पाच पाहुणे घेऊन कलादालन, नगर सभागृह आणि वाचनालय दाखवायचं, आणि परीक्षक बाई सोबत हिंडून टिपणं करणार. पाहुण्यांत नात्यातलं कुणी चालणार नव्हतं. मागे एका उमेदवाराने अख्खं घर आणलं होतं आणि त्याच्या आत्याने प्रत्येक चित्रापुढे टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून हा नियम. काल संध्याकाळपर्यंत चारच नावं आली होती. परीक्षा हुकली तर पुढची सहा महिन्यांनी. म्हणून मग पाचवा म्हणून सासरा.

"तुम्ही फक्त गप्प राहा," तिने बजावलं होतं. गप्प राहणं त्याला आयुष्यात कधी जड गेलं नव्हतं.

सून बोलू लागली. आवाज पहिल्या दोन चित्रांपुरता कापला, मग स्थिरावला. म्हातारा ऐकत होता, पण डोळे सवयीने चित्रं सोडून भिंतीवर गेले. कोपऱ्यात गिलावा फुगला होता. वर्षभरात तिथला पापुद्रा सुटणार.

"चित्र इकडे आहे हो," शेजारच्या निवृत्त शिक्षिका बाई हळूच म्हणाल्या.

"हो, हो. पाहतोय."

"आमचे हे नाटकाला गेले की छत बघत बसायचे. तिकीट फुकट."

घोळक्यात एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, ते बहुतेक एकमेकांनाच पाहत होतं. चौथा एक विमा एजंट. त्याला सगळं आधीच माहीत होतं आणि न विचारता सांगायची हौस होती. परीक्षक बाई फाइल छातीशी धरून मागून चालत होत्या.

अंगण ओलांडून सगळे नगर सभागृहात आले. उंच दालन, दोन्ही बाजूंना चार-चार काळे खांब. म्हाताऱ्याची चाल मंदावली.

"हे आठही खांब," सून म्हणाली, "एकाच खाणीतल्या काळ्या दगडाचे आहेत."

हे वाक्य त्याने महिनाभर स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. ती घोकू लागली की तो उठून नळ सोडायचा. छापील माहितीपत्रकात होतं तेच ती पाठ करत होती. त्यावर आपण काय बोलणार? शिवाय चाळीस वर्षांपूर्वी गवंडीकाम करताना इंजिनिअरने त्याच्या मिस्त्रीला आणि त्याला बजावलं होतं, तोंडं शिवून ठेवा. मिस्त्री ते शिवलेलं तोंड घेऊनच गेला. आणि खरं सांगायचं तर हल्ली त्याला स्वतःचीच खात्री वाटत नसे. कदाचित तो खांब दुसऱ्याच कुठल्या इमारतीत असेल.

उजवीकडचा तिसरा. डावीकडचे चार धरून मोजला तर सातवा. तो जवळ गेला आणि त्याने हाताची मागची बाजू खांबाला टेकवली. चुन्याने तळवे केव्हाच मेले होते. पृष्ठभाग पारखायचा तर सगळे जुने गवंडी हात उलटाच लावतात.

"काय काका, ताप आहे का खांबाला?" एजंट म्हणाला. जोडपं हसलं.

म्हाताऱ्याने हात चटकन मागे घेतला. पण शिक्षिका बाईंनी आपला हात लावला, मग शेजारच्या खांबाला लावला, मग पुन्हा इकडे.

"अहो, खरंच की! तो गार आहे. हा तसा नाही."

आता सगळेच हात लावू लागले. परीक्षक बाई पुढे आल्या. "याचं कारण सांगाल?" त्यांनी सुनेला विचारलं.

सुनेने हातातले कागद चाळले. कागदांत काही नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

परीक्षक बाईंचं पेन चालू लागलं. ते बराच वेळ चालत राहिलं. म्हाताऱ्याने त्या पेनाकडे पाहिलं, सुनेच्या मानेवर आलेल्या घामाकडे पाहिलं.

"दगड नाही तो," तो म्हणाला. "आत वीट आहे. वरून चुन्याचा गिलावा, काजळी कालवून घोटलेला."

"तुम्हाला कसं माहीत?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"ऐकलं होतं. कुठेतरी."

"काहीतरीच!" एजंट म्हणाला. "इतक्या वेळा आलोय मी इथे. काका, घरी सांगून आलात ना? नाहीतर शोधत असतील."

जोडपं पुन्हा हसलं, या वेळी जरा चोरून. म्हाताऱ्याचा उजवा हात सावकाश कोटाच्या खिशात गेला. सुनेने ते पाहिलं. घरी मुलगा वडिलांचं बोलणं मध्येच तोडायचा, तेव्हा तो हात असाच खिशात जायचा, आणि मग दिवसभर बाहेर येत नसे.

ती दोन पावलं पुढे आली.

"बांधायला किती दिवस लागले?" तिने हलकेच विचारलं.

"सतरा," तो म्हणाला. "मूळचा निकामी झाला होता, चाळीस वर्षांपूर्वी. मी आणि मिस्त्री..."

परीक्षक बाईंनी एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा सुनेकडे पाहिलं.

"तुमची यांची ओळख आहे?"

"छे, छे," म्हातारा घाईने म्हणाला. "आजच भेट. या मॅडम फार छान सांगतात."

"हे माझे सासरे," सून म्हणाली.

"मग पाहुणे चारच झाले."

"हो."

"आजची परीक्षा धरता येणार नाही. सहा महिने थांबावं लागेल."

"माहीत आहे."

परीक्षक बाईंनी फाइल मिटली. म्हातारा सुनेच्या कानाशी पुटपुटला, "अगं, कशाला बोललीस? निभलं असतं की."

ती त्याच्याकडे वळली नाही. हातातले कागद तिने घडी करून पर्समध्ये टाकले आणि घोळक्याकडे तोंड केलं. आवाज अजिबात कापत नव्हता.

"इकडे लक्ष द्या. मूळचा खांब निकामी झाला, तेव्हा हा सातवा खांब यांनी आणि यांच्या मिस्त्रींनी उभा केला. सतरा दिवसांत. चाळीस वर्षं तो कुणाला ओळखू आला नाही. मलासुद्धा नाही, आणि मी यांच्याच घरात राहते. बाबा, तो हात कसा लावायचा, ते दाखवा ना सगळ्यांना."

म्हाताऱ्याने हात खिशातून काढला. जोडप्यातल्या मुलीने बांगड्या मागे सारून आपला हात त्याच्यासारखा उलटा टेकवला. एजंट म्हणाला, "मला आधीपासून शंका होतीच," पण लावला त्यानेही. परीक्षक बाई गेल्या नव्हत्या. फाइल त्यांनी काखेत धरली होती.

"आणि सांधा कुठे लपवला?" त्यांनी विचारलं.

"सांधा नाहीच," म्हातारा म्हणाला. "एका दमात घोटायचा. सुकायच्या आत."

शिक्षिका बाई खांबाला वळसा घालून मागे निघाल्या. मागच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, वीतभर जागा त्या वेळी घोटण्याआधीच सुकून आवळली होती आणि तिच्यावर तकाकी चढली नव्हती. मिस्त्री म्हणाला होता, राहू दे, इथे कोण वाकून बघतंय.

तो लगबगीने पलीकडून गेला आणि तेवढ्या जागेपुढे पाठ लावून उभा राहिला.

"इकडूनही सारखाच आहे," तो म्हणाला.